एक म्हणजे जागी

मे महिन्यात हातमोजे घातलेली बाई पाहून
सक्करदऱ्याचा ऑटोवाला हसला.
मग आरशात डोक्यावरचा रुमाल दिसला असेल त्याला,
मेडिकल चौकापर्यंत गाणं बंद.

शेहेचाळीस अंश, आणि मला थंड चालत नाही.
माठाकडे फक्त पाहायचं.
फ्रिजचं दार उघडलं की बोटांत काचा,
घोटभर गार पाणी घशात
बाभळीच्या काट्यासारखं आडवं.
डॉक्टरांनी त्याला एक लांब नाव दिलं,
फाइलमध्ये लिहिलं, फाइल मिटली.

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला होता पहिल्याच दिवशी:
"मुंग्या म्हण वं. मुंग्याच त्या.
नाव लहान असलं का झोपता येते त्याच्यासंग."

पुष्पकला पराते, पाचपावली. घरात माग.
ती तेव्हा पाचवीत, मी पहिलीत.
"आठवीपर्यंतच शाळा आहे आपली," म्हणाली,
"मास्तर मारते, पण पास करते."

तिनं सांगितलेलं कुठल्याच कागदावर नव्हतं.
स्टीलचा चमचा नको, लोखंड लागते तोंडाले,
लाकडाचा घे, कुल्फीवाल्याजवळ भेटते.
आंबील कोमट. तोंड आलं असलं तं संत्रं म्हणजे तेजाब,
नागपूरची असली म्हणून काय झालं.
सलाइनच्या तिसऱ्या दिवशी घरात कोणाशी भांडू नको,
त्या दिवशी आपण आपण नसतो.
अन् झोप नाही आली तं मिस कॉल दे.
एक म्हणजे जागी. दोन म्हणजे बोल.

ऑफिसातल्या मशीनने माझा अंगठा ओळखला नाही.
पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा प्रयत्न करा.
बावीस वर्षं त्याच टेबलावर,
आणि गोळ्यांनी बोटांवरच्या रेघा पुसून टाकलेल्या.
मी जिन्यात रडत होते, ती फोनवर हसत सुटली.
"मले राशनवाल्यानं हाकललं! म्हणे बाई, तुम्ही तुम्ही नाही.
म्हटलं, मलेबी तसंच वाटून राहिलं बाप्पा."
जिन्यात मग मीही.

तिची आठवी संपली त्या दिवशी
वॉर्डात पेढे वाटले तिनं, सिस्टरला दोन.
"तुहंही होऊन जाईन."
पेढा माझ्या तोंडात माती.
म्हणाले, तुमचं झालं ना, तुम्ही बोला.
ती चूप.
डबा बंद करताना
झाकण दोनदा चुकलं तिचं.
ते मी पाहिलं, आणि पाहिलं नाही.

तिच्या खुर्चीत आता वर्ध्याचे एक गुरुजी,
भिंतीकडे तोंड करून बसणारे.
मृग लागला, कोरडाच.
तीन आठवडे ना एक, ना दोन.

मग एका रात्री पावणेतीनला
मी एक दिला.
लगेच परत आला.
दोन.

"जाग्या आहात?"
"कांडी घेऊन बसली आहो.
धागा तुटला का पहिले हात सांगे,
अंधारातबी जोडत होती मी.
आता बोटाले तो लागतच नाही वं.
तुले सांगितलं नाही.
तुही अर्धी शाळा बाकी होती न."

मी नुसती श्वास घेत राहिले,
तिला ऐकू जाईल इतपत.

"आज एक गाठ बसली पण. डोळ्यानं पाहून मारली."
"टिकली?"
"सुटली. मंग आणखी मारली."

नंतर बराच वेळ काही नाही.
तिच्याकडचा कूलर माझ्या कानात,
माझ्याकडचा, पलीकडच्या खोलीतला, तिच्या.
मग तिकडची घरघर कोरडी झाली.

"पाणी संपलं याचं. बादली टाकून येतो.
ठेवू नको."

मोज्यातल्या हाताने
मी फोन तसाच धरून.
दूर नळ सुरू झाला पाचपावलीत.